माझी खंडेनवमीची आंघोळ

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. काळा, एका स्पीकरचा, वर उचलायला दांडी असलेला. दांडी एका बाजूने तुटली आहे, पण तिला बांधलेला दोरा पक्का आहे. माझ्या स्पीकरच्या जाळीवर डाव्या कोपऱ्यात एक पिवळा डाग दिसेल. मी असतो त्या अभ्यासकेंद्रात नवीन आलेला प्रत्येक जण त्यावर नख घासून पाहतो. तो गंज नाही हो, ती हळद आहे! मला एकदा हळद-कुंकू लागलं होतं, गळ्यात झेंडूची माळ पडली होती, आणि त्याआधी चक्क पाण्याने आंघोळही घालण्यात आली होती. आमच्या कुळात एवढा मान दुसऱ्या कुणाला मिळाला असेल, असं मला वाटत नाही. त्या मानापायी माझा जीव जायची वेळ आली, ही गोष्ट वेगळी.

ती हकीकत कधी एकदा सांगतो असं मला झालं आहे. तेव्हा जरा ऐका. आजवर मीच बोलत आलो आहे, त्यामुळे सवय मला आहेच.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण तेव्हा माझ्या पोटात सेल नव्हते. पहिल्यांदा सेल पडले ते नाशिकमध्ये, १९९४च्या जून महिन्यात, रंगनाथ सरांच्या टेबलावर. रंगनाथ सर एका शाळेत मराठी शिकवायचे आणि दर रविवारी त्याच शाळेच्या मागच्या खोलीत मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र चालवायचे. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठी ते केंद्र होतं. वयाची अठरा वर्षं पूर्ण असली की पूर्वतयारीचा अभ्यासक्रम घ्यायचा, त्याची परीक्षा द्यायची, आणि पास झालं की थेट बी.ए.ला प्रवेश! रोज वर्गात बसायचं नाही. पुस्तकं घरी, धडे कॅसेटवर, आणि अडलेलं विचारायला रविवारी सर.

लोकांना हे खरं वाटत नसे. "घरी बसून कुणी शिकतं का? असल्या पदवीला उद्या विचारणार कोण?" असं शाळेतले इतर शिक्षक सरांना तोंडावर म्हणायचे. सर हसायचे आणि खोलीचं कुलूप उघडायचे. त्या वर्षी केंद्रात चौदा विद्यार्थी होते. पुढच्या वर्षी किती येतील आणि केंद्र राहील की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

नियमाप्रमाणे मला कपाटात राहायचं होतं. रविवारी बाहेर काढायचं, धडा ऐकवायचा, पुन्हा कपाट. पण पहिल्याच रविवारी मागच्या बाकावरची एक बाई उठून उभी राहिली. तिशीच्या आतली, अंगाने बारीक, आणि बोटं झेंडूने पिवळी झालेली. तिचं नाव छाया. नाशिकलगतच्या मखमलाबादच्या एका फुलं पिकवणाऱ्या घरातली ती सून होती. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती.

"सर, हा टेप मला सोमवार ते शनिवार घरी नेता येईल का?" तिने विचारलं.

"अहो, पुस्तकं दिली आहेत ना?"

"पुस्तक धरायला हात लागतात, सर. माझे हात दिवसभर माळा ओवण्यात असतात. कान तेवढे रिकामे आहेत."

सरांनी मला टेबलावरून उचललं. मग म्हणाले, "कपाटात कोंडलेला मास्तर तरी काय कामाचा? न्या. पण रविवारी परत आणायचा." आणि मी एका कापडी पिशवीत बसून, सहा कॅसेटींसह, मखमलाबादला निघालो. मी त्या दिवशी इतका खूश होतो, की बटण न दाबताच वाजावंसं वाटत होतं!

छायाचा नवरा समाधान एम-एटी गाडीवर फुलांचे गठ्ठे लादून रोज फुलबाजारात जायचा. तो भला माणूस, त्याची कशालाच ना नसे. पण घर चालायचं ते सासूबाईंच्या शब्दावर. त्यांचं नाव नवसाबाई. शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. छायाने शिकायचं म्हटल्यावर त्यांनी दोन अटी घातल्या होत्या.

"एक वरीस देते तुला," त्या म्हणाल्या होत्या. "झाली पास तर झाली. नाय झाली तर वह्या-पुस्तकं माळ्यावर जातील, अन् पुन्यांदा नाव काढायचं नाय. आन् दुसरं, हातातली माळ थांबली की तुझी शाळा बी थांबली."

म्हणजे छायाच्या हातात एकच संधी होती. एक वर्ष, एक परीक्षा. आणि ती संधी माझ्या पोटात होती!

पहिल्या दिवशी ओसरीवर झेंडूचा ढीग पडला होता. एका बाजूला छाया, दुसऱ्या बाजूला नवसाबाई, दोघींच्या हातांत सुई-दोरा. छायाने कोपराने माझं बटण दाबलं. माझ्यातून प्राध्यापकांचा भारदस्त आवाज आला, "नमस्कार, विद्यार्थी मित्रहो!" नवसाबाईंनी झटकन डोक्यावरचा पदर पुढे ओढला. परका पुरुष घरात आला म्हणून! छाया हसली. माझी तर करमणूक झाली.

मग रोजचंच झालं. सुई चालायची, माळ वाढायची आणि मी बोलायचो. पावसाचं पाणी जमिनीत कसं मुरतं, टक्केवारी कशी काढायची, ग्रामपंचायतीचा कारभार कसा चालतो. छाया ओठांतल्या ओठांत माझ्यामागून म्हणायची. एक फूल, एक शब्द. एक माळ संपली की बहुधा एक मुद्दा संपलेला असायचा. धडा संपला की कॅसेट उलटी, पुन्हा पहिल्यापासून.

नवसाबाई ऐकत नसल्याचं दाखवायच्या. पण मातीचा धडा लागला की पुटपुटायच्या, "हा बाबा कधी वावरात गेलेला दिसत नाय." दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, "खरं सांगतोय पण." तिसऱ्या खेपेपासून तर प्राध्यापकांच्या वाक्यावाक्याला "व्हय बाबा" सुरू झालं. मला त्या "मास्तर" म्हणू लागल्या. शेजारीण आली की सांगायच्या, "मास्तर बोलतोय, हळू बोल."

खरं सांगतो मित्रांनो, मी फुगलो. वाटायचं, ज्ञान आहे ते माझ्याजवळ, बाकीचे नुसते ऐकणारे. रविवारी केंद्रात गेलो की चौदा जण माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसायचे. त्यांत द्वारका चौकात रेडिओ दुरुस्तीचं दुकान असलेला मोतीराम होता. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून जीपने येणारा वाळू होता. वाळूला दर रविवारी येणं जमत नसे, म्हणून महिन्यातून एक आठवडा मी त्याच्याकडे जायचो. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या शेतांमधून, चौदा माणसं बसलेल्या जीपमध्ये, वाळूच्या मांडीवर! परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे मी त्याच्याकडे असणार, हे ठरलेलं होतं. छायाचं तोवर सगळं ऐकून झालेलं असणार होतं.

आता ती खंडेनवमी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे काय करतात, तुम्हाला माहीत आहेच. घरात वर्षभर जे राबतं ते धुऊन, पुसून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, फूल वाहायचं, आणि दसरा पार पडेपर्यंत त्याला कामाला लावायचं नाही. फुलवाल्यांच्या घरी त्या दिवशी दम घ्यायला वेळ नसतो. छाया आणि समाधान उजाडायच्या आत झेंडू खुडायला मळ्यात गेले होते. घरी नवसाबाई एकट्याच. त्यांनी विळे धुतले, खुरपी धुतली, कुदळी धुतल्या, माळांच्या सुया धुतल्या. एम-एटीसुद्धा घासून काढली. आणि मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

"चार महिनं राबतोय बिचारा," त्या म्हणाल्या. "ह्याला कसं इसरायचं?"

मला भरून आलं. वाटलं, फडक्याने पुसतील. तोच तांब्याभर पाणी माझ्या डोक्यावरून आलं! मग दुसरा तांब्या. मग त्यांनी माझं झाकण उघडलं आणि आतही पाणी घातलं, कारण अर्धवट काम त्यांना आवडत नसे. सहाच्या सहा कॅसेटी बादलीत बुडवून काढल्या, पदराने टिपल्या आणि पडवीच्या पत्र्यावर उन्हात वाळत घातल्या. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. पत्रा असा तापला होता, की हात लावला तर भाजावा. मी ओरडणार कसा? माझं बटण दाबायला कुणी नव्हतं. आणि दाबलं असतं तरी आता आवाज निघाला नसता.

दुपारी छाया झेंडूच्या पाट्या घेऊन परतली. पाटावर विळा, खुरपं, कुदळ, सुया, आणि मधोमध मी. कपाळी कुंकू, जाळीवर हळद, गळ्यात माळ, आणि खालून पाणी ठिबकतं आहे.

"तुझ्या मास्तरला बी बसवला बघ," नवसाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "म्हनलं, तुझी शाळा बी आता घरातलीच हाय."

छायाच्या हातातली पाटी खाली टेकली. तिला कळलं होतं. मी गेलो, धडे गेले, आणि परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती. पण ज्या बाईने एक वर्षाची मुदत घातली होती, त्याच बाईने आज तिच्या अभ्यासाला विळ्या-खुरप्यांच्या पंक्तीला बसवलं होतं. हे ऐकायला छायाने किती वाट पाहिली असेल! ती पुढे आली, तिने मला हात जोडले आणि सासूच्या पाया पडली. डोळ्यांतलं पाणी नवसाबाईंना आनंदाचं वाटलं. अर्धं तसं होतंही.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी ओसरीवर पुन्हा ढीग पडला. "लाव मास्तरला," नवसाबाई म्हणाल्या. छायाने खाली मान घालून बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

नवसाबाईंची सुई थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पत्र्यावरून काढलेल्या वाकड्या झालेल्या कॅसेटींकडे पाहिलं, मग सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. "पान्यानं झालं?" त्यांनी विचारलं. छायाने मान डोलावली. "मंग त्या दिशी बोलली का नाय?"

"तुम्ही पुजला होता, आत्याबाई."

नवसाबाईंनी सुई ढिगात खोचली. उठल्या, मला पिशवीत घातलं, द्वारका चौकातल्या मोतीरामच्या दुकानाचा पत्ता छायाकडून घोकून घेतला, आणि सिटी बसमध्ये जाऊन बसल्या. सबंध वाटेने मी त्यांच्या मांडीवर पदराखाली होतो. मध्ये एकदा त्यांनी वाकून हळूच म्हटलं, "बोल की रे मास्तर." मित्रांनो, त्या वेळी मला बोलता आलं असतं तर मी काय वाटेल ते दिलं असतं.

मोतीरामने मला उघडलं. आतून झेंडूच्या चार पाकळ्या निघाल्या.

"मावशी, ह्याला आंघोळ घातली का काय?"

"खंडेनवमी होती."

मोतीराम पोट धरून हसला. मग नवसाबाईंचं तोंड बघून गप्प झाला. "मावशी, टेप मी रविवारपर्यंत चालू करून देतो. वाळवतो, पट्टा बदलतो. पण कॅसेटी गेल्या." त्याने त्यातल्या त्यात बरी दिसणारी एक दुसऱ्या टेपमध्ये घालून दाखवली. प्राध्यापकांचा आवाज विहिरीत बुडल्यासारखा येत होता. नवा संच मागवायचा तर महिना जाणार होता.

रविवारी मोतीरामने मला केंद्रात आणलं. मी जिवंत झालो होतो, पण रिकामा होतो. सगळे जमले होते. वाळू पहाटेच्या जीपने आला होता, खांद्यावर मला न्यायची पिशवी घेऊन. नवसाबाईही आल्या होत्या, दाराशी खाली बसल्या होत्या. छाया उभी राहिली. "सर, कॅसेटी खराब झाल्या. माझ्या हातून झालं."

"खोटं बोलती ती," दारातून आवाज आला. "म्या धुतल्या. तिचा काय बी दोष नाय."

खोलीत एकदम गलका झाला. "लय वाईट झालं," वाळू म्हणाला. "मी पाड्यावर जाऊन काय ऐकू? मला भराभरा वाचता नाय येत, सर. इतक्या लांबून आलो, तो रिकामा जाऊ?" रंगनाथ सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला कपाटाबाहेर सोडण्याची जोखीम त्यांनी घेतली होती, आणि तीच आता अंगाशी आली होती.

"सर," छाया म्हणाली, "मला धडे पाठ आहेत. मी सांगते."

छाया फळ्यापुढे गेली. "नमस्कार, विद्यार्थी मित्रहो," तिने सुरुवात केली. आणि थांबली. पुढचं आठवेना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. ती आपल्या हातांकडे बघत होती. दोन्ही हात दोन बाजूंना नुसते लोंबत होते. चार महिने शिकवलेलं एका क्षणात असं कसं पुसलं गेलं? मी मनात म्हणालो, झालं, ज्ञान माझ्याजवळच होतं, ते धुतलं गेलं. संपलं सगळं.

तेवढ्यात नवसाबाई उठल्या. त्यांच्या पिशवीत उरलेला झेंडू आणि सुई-दोरा होता. फुलवाल्या बायकांच्या पिशवीत तो असतोच. त्यांनी सुईत दोरा ओवला आणि सुनेच्या हातात दिला.

"रिकाम्या हातानं तिला कसं आठवंल?" त्या सरांना म्हणाल्या. "हाताला काम द्या, तोंड आपसूक चालंल."

छायाने पहिलं फूल ओवलं. दुसरं ओवलं. आणि मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! धडा सुरू झाला! "पावसाचं पाणी जमिनीवर पडतं, त्याचे तीन भाग होतात..." एक फूल, एक शब्द. प्राध्यापक जिथे थांबत होते तिथे ती थांबत होती, जिथे त्यांनी उदाहरण दिलं होतं तिथे ती मखमलाबादच्या मळ्यातलं उदाहरण देत होती. वाळू तोंड उघडं टाकून ऐकत होता. मोतीराम एकदम टाळी वाजवून म्हणाला, "अरे, हा टेप रेकॉर्ड पण करतो!" त्याच्या खिशात दुकानातली एक कॅसेट होती, कुठल्याशा लग्नातल्या बँडची. ती त्याने माझ्यात घातली आणि माझं लाल बटण दाबलं.

ते बटण आजवर कुणी दाबलंच नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी बोलत नव्हतो, मी ऐकत होतो! मला सारं अंग थरथरल्यासारखं झालं. फूल दोऱ्यावरून सरकतानाचा आवाज, रस्त्यावरच्या ट्रकचा भोंगा, छायाचा आवाज, सगळं माझ्यात उतरत होतं.

ग्रामपंचायतीचा धडा आला. "ग्रामपंचायतीत महिलांसाठी... महिलांसाठी..." छाया अडली. माळ संपली होती, ती नवी सुरू करत होती आणि दुवा तुटला होता. खोलीत कुणालाच पुढचं आठवेना. सर मुद्दाम गप्प राहिले.

"तीनातली एक जागा बाईची," दाराकडून आवाज आला. "आन् ग्रामसभेला समद्यांनी जायचं, बायांनी बी. मास्तरनं धा येळा सांगितलंय."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. नवसाबाई एकदम गोंधळल्या आणि त्यांनी पदर पुढे ओढला. सरांनी खुर्ची उचलली, स्वतः दारापाशी नेऊन ठेवली आणि म्हणाले, "मावशी, खाली नका बसू. वर बसा." त्या दिवशी छाया जिथे जिथे अडली, तिथे तिथे त्या खुर्चीवरून उत्तर आलं.

त्या रविवारी तीन धडे माझ्यात आले, पुढच्या दोन संध्याकाळी उरलेले. मोतीरामने त्यांच्या आणखी कॅसेटी भरल्या. एक संच वाळूच्या पिशवीत बसून सुरगाण्याला गेला. तिथे एकाकडे टेप होता, पण आजवर त्यावर नुसती गाणीच लागत होती.

परीक्षेला मी नव्हतो, मला हे मोतीरामने सांगितलं. परीक्षेच्या सकाळी नवसाबाईंनी छायाच्या डाव्या हाताच्या बोटांना माळेचा दोरा गुंडाळून दिला. पेपर लिहिताना तिचा उजवा हात लिहीत होता आणि डावा हात नसलेली फुलं ओवत होता. पर्यवेक्षक तिच्याजवळ येऊन थांबले. "हे काय आहे?" तिने हात उघडून दाखवला. "दोरा आहे, सर. नुसता दोरा." त्यांनी दोरा उलटापालटा करून पाहिला, काही लिहिलेलं नव्हतं, आणि ते पुढे गेले.

निकाल लागला त्या दिवशी सर स्वतः मखमलाबादला आले. मी ओसरीवरच होतो. छाया पास! चौदातले बारा पास! वाळू पास, मोतीराम पास! समाधान भेटेल त्याच्या हातावर पेढा ठेवत होता, त्याने एक माझ्याही झाकणावर ठेवला. नवसाबाई मात्र माळ ओवतच होत्या. सुई न थांबवता त्यांनी विचारलं, "एक वरीस म्हनले होते म्या. आता फुडं किती लागंल?"

"बी.ए.ला तीन वर्षं, आत्याबाई."

"लाव मंग मास्तरला."

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. पुढच्या जूनमध्ये वाळूबरोबर सुरगाण्याकडून सहा नवे जण जीपमध्ये बसून आले आणि दारातच विचारू लागले, "टेपातल्या बाई कुठं हायेत?" केंद्र बंद पडायचं राहून गेलं. छाया बी.ए. झाली, मग एम.ए.ही झाली, आणि ज्या खोलीत ती मागच्या बाकावर बसली होती त्याच खोलीत रविवारी शिकवू लागली. संध्याकाळी ओसरीवर ती सासूला अक्षरं गिरवायला लावायची. नवसाबाई बसच्या पाट्या वाचू लागल्या, मग पेपरातले भाव, मग पेपर.

माझे दिवस मात्र उतरत गेले. केंद्रात सीडी आल्या, २००३ साली संगणक आला. मुलं म्हणू लागली, "कॅसेट कोण ऐकतं?" मला कपाटाच्या खालच्या कप्प्यात ढकललं. धूळ बसली. कुणीतरी माझ्यावर खडूची पेटी ठेवली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? फक्त भारनियमनाच्या दिवसांत मला पुन्हा भाव आला. रविवारी ऐन वर्गात वीज जायची, संगणकाचं तोंड काळं पडायचं, आणि छायाबाई म्हणायच्या, "काढा रे मास्तरला!" चार सेल पोटात पडले की मी गर्जायचो. मला कॉलर असती तर ती ताठ झाली असती!

आता हे २००८ साल. खंडेनवमी चार दिवसांवर आली आहे. आज केंद्र आवरायला काढलं आहे, कारण इंटरनेटची जोडणी येणार आहे. कपाट रिकामं झालं. मी भंगाराच्या ढिगाशेजारी टेबलावर होतो. केंद्राचं पुढे काय होणार, याचीच चर्चा चालली होती. कुणी म्हणत होतं, आता सगळं संगणकावर येईल, केंद्र लागणार नाही. कुणी म्हणत होतं, संगणक पाड्यावर कसा पोचेल? छायाबाई ऐकत होत्या.

तेवढ्यात नवसाबाई आल्या. साठी ओलांडली आहे, पण चाल तशीच. त्यांनी मला ढिगाजवळ पाहिलं आणि उचलून मांडीवर घेतलं.

"लाव," त्या सुनेला म्हणाल्या.

छायाबाईंनी चार सेल आणि तीच जुनी कॅसेट शोधून घातली. मला भीती वाटत होती, आवाज निघेल की नाही. खरखर झाली, आणि मग आला! "ग्रामपंचायतीत महिलांसाठी... महिलांसाठी..." आणि मागून, दुरून, चौदा वर्षांपूर्वीच्या नवसाबाई: "तीनातली एक जागा बाईची." धडा संपला आणि त्या जुन्या लग्नातल्या बँडचा एक तुकडा वाजला. सगळी खोली हसली. नवसाबाई हसल्या नाहीत. त्या डोकं वाकवून स्वतःचा आवाज ऐकत होत्या.

"छाया," त्यांनी विचारलं, "ह्या परीक्षेला वयाची अट काय हाय गं?"

"अठरा पूर्ण पाहिजेत, आत्याबाई."

"जास्तीत जास्त?"

छायाबाईंचा हात माझ्या बटणावरच राहिला. "जास्तीची अट नाही."

"मंग दे की कागद. म्या वाचते."

मित्रांनो, त्यांनी अर्ज वाचला. बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. सही करताना हात जरा कापला, तर छायाबाईंनी पिशवीतून दोरा काढला आणि सासूच्या डाव्या हाताच्या बोटांना गुंडाळला. मी हे सगळं ऐकलं. लाल बटण कुणी दाबलं नव्हतं, तरीही ते माझ्यात उमटलं आहे.

भंगाराच्या ढिगातून मी परत कपाटात आलो आहे, वरच्या कप्प्यात. शेजारी संगणक आहे. तो हुशार आहे, पण त्याला अजून कुणी मास्तर म्हटलेलं नाही. मी त्याला सांगतो, घाबरू नकोस, धडे तुझ्यात नाहीत आणि माझ्यातही नव्हते. आपण बिघडलो तरी शिकलेली माणसं असतात. मलाही हे पाण्यात बुडेपर्यंत ठाऊक नव्हतं.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. शिकायला आलेल्या माणसाला तो कोणत्या वयात, कोणत्या वाटेने आला ते विचारू नका. त्याला बसायला खुर्ची द्या, आणि लागलं तर हाताला काम द्या. तुम्ही ऐकलेला धडा पुढच्याला सांगा. जुन्या वस्तूंवर खडूच्या पेट्या ठेवू नका.

आणि खंडेनवमीला मला पाटावर जरूर बसवा. नवसाबाईंनी आजच एक फडकं धुऊन वाळत घातलं आहे. मला पुसायचं ते, कोरडं.